लशीआधी ॲसिडिटीची गोळी बदलावी का?

प्रश्न: माझे वडील ६९ वर्षांचे आहेत, आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी ४८ हजार निघाल्या. पुण्यात पुढच्या तपासण्या झाल्या आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, ‘सध्या औषधाची गरज नाही, दर तीन महिन्यांनी रक्त तपासू.’ फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायला मात्र त्यांनी सांगितलं आहे. माझी मामेबहीण अमेरिकेत असते. तिच्या वाचनात आलं की ल्युकेमियाच्या रुग्णांमध्ये लस नीट काम करत नाही, पण ॲसिडिटीच्या साध्या गोळ्या सोबत घेतल्या तर ती जास्त चांगली लागू पडू शकते. बाबा पाच-सहा वर्षांपासून रोज सकाळी अनशापोटी पॅन ४० घेतात. मग फायदा आपोआप मिळतोय का? मेडिकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, त्याऐवजी रॅनटॅक देतो. गोळी बदलावी का? बदल होईपर्यंत लस थांबवावी का? आणि आमच्याकडे दीड वर्षाचा नातू आहे. त्याला पोलिओचा डोस दिला तर बाबांना धोका आहे, असं कुणीतरी म्हणालं. खूप गोंधळ झाला आहे.

ताई,

सर्वांत आधी, लस थांबवू नका. पत्र वाचल्यावर मला काळजी वाटली ती एवढ्याच गोष्टीची. गोळीचा निर्णय नंतरही घेता येईल, पण बाबांच्या आजारात लशीसाठी जो काळ चांगला असतो तो आत्ताचा आहे, औषध सुरू होण्याआधीचा. गोळीच्या नादात हा काळ हातचा जाऊ देऊ नका.

आता तुमच्या बहिणीने वाचलेल्या गोष्टीकडे येते. ती निराधार नाही, म्हणून ती हसण्यावारी नेणार नाही. तिच्यामागे खरा विचार आहे आणि रुग्णांवर झालेले अभ्यासही आहेत.

ॲसिडिटीच्या गोळ्या आपण सगळ्या एकाच नावाने ओळखतो, पण त्या दोन वेगळ्या घराण्यांतल्या आहेत. पहिलं घराणं सिमेटिडिन, रॅनिटिडिन, फॅमोटिडिन यांचं. आपल्या शरीरात हिस्टामिन नावाचं रसायन असतं आणि त्याचे संदेश घेणारे चार प्रकारचे ग्राहक पेशींवर असतात. सर्दी-खाजेवर सेट्रिझिन घेतो तेव्हा पहिला प्रकार, म्हणजे एच-१, अडवला जातो. जठरातल्या आम्लाचा संबंध दुसऱ्या प्रकाराशी, एच-२शी. रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन तो एच-२ अडवतात. स्कॉटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून या घराण्यातलं सिमेटिडिन १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलं आणि पोटाच्या अल्सरसाठी होणारी कितीतरी ऑपरेशनं टळली. ब्लॅक यांना १९८८चं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

लशीच्या प्रश्नात महत्त्वाची बाब ही की हे एच-२ ग्राहक फक्त जठरात नसतात, रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही असतात. तिथे हिस्टामिन पोचलं की त्या पेशींचा जोर काहीसा मंदावतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांना सीएलएलच्या रुग्णांच्या रक्तात हिस्टामिनचं प्रमाण वाढलेलं आढळलं. त्यांचा तर्क सरळ होता: हिस्टामिन जर पेशींना दडपत असेल, तर रॅनिटिडिन देऊन तो दाब उठवावा आणि मग लस द्यावी. १९९५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रॅनिटिडिन घेणाऱ्या सीएलएल रुग्णांमध्ये हिब या जंतूविरुद्धच्या लशीला मिळालेला प्रतिसाद, ते न घेणाऱ्यांपेक्षा चांगला होता. हिब म्हणजे आपल्याकडे बाळांना पेंटाव्हॅलंट लशीतून जी मिळते, त्यातलीच एक.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर मीही तुम्हाला ‘डॉक्टरांना विचारून बघा’ म्हटलं असतं. पण २००७ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी सीएलएलच्या रुग्णांवर हाच प्रयोग पुन्हा केला. त्यांना रॅनिटिडिनमुळे लशीचा प्रतिसाद सुधारल्याचं दिसलं नाही. दोन्ही अभ्यास लहान. एकात फायदा, दुसऱ्यात नाही. अशा वेळी निष्कर्ष एकच काढता येतो: कल्पना तपासण्यासारखी आहे, पण तिच्या आधारावर कुणाच्या वडिलांची रोजची गोळी बदलता येत नाही.

आणखी एक फरक लक्षात घ्या, कारण अशा बातम्यांत तो नेहमी निसटतो. या अभ्यासांत मोजली गेली ती लशीनंतर रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडी. प्रतिपिंडं वाढली तर संरक्षण वाढेल अशी आशा असते, आणि ती रास्त आहे. पण आपल्याला हवं असतं ते वेगळं. बाबांना न्यूमोनिया होऊ नये, झालाच तर आयसीयूपर्यंत जाऊ नये. ॲसिडिटीच्या गोळीमुळे सीएलएलच्या रुग्णांचे न्यूमोनिया कमी झाले, असं या अभ्यासांनी दाखवलेलं नाही. शिवाय हिबच्या लशीत जे दिसलं ते फ्लूच्या किंवा नागिणीच्या लशीत दिसेलच असं धरता येत नाही, कारण या लशी वेगवेगळ्या पद्धतीने बनतात आणि शरीरातल्या वेगवेगळ्या पेशींना कामाला लावतात.

आता बाबांच्या पॅन ४०कडे. ती दुसऱ्या घराण्यातली गोळी, पॅन्टोप्रॅझोल. ओमेझमधलं ओमेप्रॅझोल, रॅझोमधलं रॅबेप्रॅझोल हे तिचे भाऊबंद. ही औषधं हिस्टामिनच्या ग्राहकाला हात लावत नाहीत. जठरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर ढकलणारा एक पंप असतो, तो ती बंद करतात. म्हणजे डॅनिश संशोधकांचा सगळा तर्क ज्या एच-२वर उभा होता, त्याच्याशी पॅन्टोप्रॅझोलचा संबंध नाही. त्यामुळे फायदा आपोआप मिळतोय का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तुमच्या बहिणीलाही हे सांगा. ‘ॲसिडिटीच्या गोळ्या’ असं एकत्र म्हटलं की हा फरक पुसला जातो.

मग मेडिकलवाल्याने सांगितलेली रॅनटॅक? तिच्यात रॅनिटिडिन आहे, म्हणजे घराणं बरोबर. तरी मी ती सुचवणार नाही. २०१९ साली रॅनिटिडिनच्या गोळ्यांमध्ये एनडीएमए हा कर्करोगाला कारण ठरू शकणारा अशुद्ध घटक सापडला. साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, तो वाढतो असंही दिसलं. १ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या औषध नियामकाने रॅनिटिडिनची सगळी उत्पादनं बाजारातून काढून घ्यायला सांगितली. भारतात औषध विकलं जातं, पण २०२२च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. ज्यांनी आयुष्यभर अधूनमधून रॅनटॅक किंवा ॲसिलॉक घेतली त्यांनी घाबरून जाण्याचं कारण नाही. पण एका अनिश्चित फायद्यासाठी, आधीच रक्ताचा कर्करोग असलेल्या माणसाला ती आज नव्याने सुरू करावी, हे मला पटत नाही. एच-२ अडवणारी गोळी पोटासाठी खरंच लागली तर फॅमोटिडिन उपलब्ध आहे. ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. नाहीतर वयस्कर माणसांमध्ये भ्रम, बडबड, दिवसरात्रीचा गोंधळ असे त्रास होऊ शकतात. म्हणून तीही काउंटरवरून परस्पर घ्यायची गोळी नाही.

खरं तर बाबांच्या ॲसिडिटीच्या गोळीबद्दल मला जास्त आग्रहाने सांगायचं आहे ते वेगळंच. बाबा ती का घेतात, हे एकदा नीट विचारा. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी गुडघेदुखीच्या गोळ्यांसोबत लिहून दिली आणि मग कुणी बंदच केली नाही, असं घरोघरी असतं. पॅन्टोप्रॅझोल वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आतड्याचे काही संसर्ग वाढतात, आणि न्यूमोनियाचं प्रमाण अशा लोकांत थोडं जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. हा न्यूमोनियाचा संबंध गोळीमुळेच आहे की गोळी घेणारे लोक मुळातच जास्त आजारी असतात म्हणून दिसतो, यावर वाद आहे. पण सीएलएल असलेल्या माणसाने विनाकारण ती चालू ठेवू नये, यावर वाद असण्याचं कारण नाही. उलट, बाबा हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध घेत असतील, पूर्वी अल्सर होऊन रक्तस्राव झाला असेल, तर हीच गोळी त्यांचं रक्षण करते आहे आणि ती बंद करायची नाही. बंद करायची ठरली तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. एकदम थांबवली की काही आठवडे आम्ल उसळून येतं, जळजळ आणि करपट ढेकर वाढतात, आणि माणूस ‘मला ही गोळी लागतेच’ असं समजून पुन्हा सुरू करतो.

दुसरी गोष्ट पुढच्या काळासाठी, आणि ती कृपा करून बाबांच्या फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढेमागे सीएलएलवर उपचार सुरू करावे लागले तर आजकाल बऱ्याचदा तोंडाने घ्यायची औषधं देतात. त्यातलं अकॅलाब्रुटिनिब कॅप्सूलच्या रूपात असेल तर ते विरघळायला जठरात आम्ल लागतं. पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी सोबत चालू असेल तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही, म्हणजे महागडं औषध पोटात जाऊनही रक्तात पुरेसं पोचत नाही. म्हणून कॅप्सूलसोबत या गोळ्या टाळायला सांगतात. फॅमोटिडिन घेतलं तर कॅप्सूल त्याच्या दोन तास आधी घ्यायची, आणि साधं अँटासिड असेल तर दोन तासांचं अंतर ठेवायचं. त्याच औषधाची नंतर आलेली टॅब्लेट या बाबतीत निर्धोक आहे. इब्रुटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्स यांना आम्लाची अशी अडचण नाही.

हे सदर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजे सीएमएलचे, रुग्णही वाचत असतील. आपल्याकडे ते सीएलएलच्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यांनी तर हा मजकूर दोनदा वाचावा. सीएमएलवरचं डॅसॅटिनिब घेणाऱ्यांनी पॅन्टोप्रॅझोल आणि फॅमोटिडिन ही दोन्ही घराणी टाळायची असतात, फार तर अँटासिड, तेही दोन तासांच्या अंतराने. निलोटिनिब आणि बोसुटिनिब यांचंही शोषण आम्ल कमी झालं की घटतं. इमॅटिनिबला ही अडचण नाही. ल्युकेमियाच्या रुग्णासाठी ॲसिडिटीची गोळी लशीला मदत करील की नाही हे अजून ठरायचं आहे. पण ती ल्युकेमियाच्या औषधाला नडू शकते, हे मात्र ठरलेलं आहे. आणि नेमकं हेच रुग्णाला कुणी विचारत नाही, कारण ॲसिडिटीची गोळी आपण औषधात मोजतच नाही. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नावर बीपीची, शुगरची सांगतात. सकाळची पॅन सांगायची राहून जाते.

आता लशीकडे, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचा गाभा तिथे आहे.

सीएलएलमध्ये लस कमी का लागू पडते? प्रतिपिंडं बनवण्याचं काम बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं. सीएलएल हा त्याच पेशींचा कर्करोग. बाबांच्या रिपोर्टात ४८ हजार आकडा दिसतो, पण त्यातल्या बहुतेक पेशी बिनकामाच्या आहेत. गावात माणसांची गर्दी असावी आणि पेरणीला एकही हात मिळू नये, अशी ती अवस्था. निरोगी बी-पेशींची संख्या घटते, रक्तातली इम्युनोग्लोब्युलिनं, म्हणजे प्रतिपिंडंच, हळूहळू कमी होतात, आणि बी-पेशींना मदत करणाऱ्या टी-पेशीही थकल्यासारख्या वागतात. म्हणून सीएलएलमध्ये रुग्ण दगावण्याचं मोठं कारण संसर्ग हे असतं. डॉक्टरांनी लस सांगितली ती याचसाठी.

‘कमी लागू पडते’ म्हणजे ‘लागूच पडत नाही’ असं मात्र नाही, आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर लस घेतली यावर फार अवलंबून असतं. कोविडच्या लशीच्या वेळी इस्रायलमध्ये सीएलएलच्या १६७ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. एमआरएनए लशीच्या दोन डोसनंतर एकूण ३९.५ टक्के रुग्णांमध्ये प्रतिपिंडं तयार झाली. आकडा फोडून पाहिला की चित्र स्पष्ट होतं. ज्यांच्यावर अजून उपचार सुरू झाले नव्हते, म्हणजे जे आज बाबांच्या जागी आहेत, त्यांच्यात ५५.२ टक्के. ज्यांचे उपचार चालू होते त्यांच्यात फक्त १६ टक्के. उपचार पूर्ण होऊन आजार आटोक्यात आलेल्यांमध्ये ७९.२ टक्के. आणि ज्यांना गेल्या बारा महिन्यांत बी-पेशी नष्ट करणारं, रिटुक्सिमॅबच्या जातीचं इंजेक्शन मिळालं होतं, त्यांच्यातल्या एकाच्याही रक्तात प्रतिपिंडं दिसली नाहीत.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीही त्याच वर्षी असंच काहीसं दाखवलं. हिपॅटायटिस बी ही शरीराला नवखी असलेली लस उपचार न घेतलेल्या सीएलएल रुग्णांपैकी २८.१ टक्क्यांना लागू पडली, तर इब्रुटिनिब-अकॅलाब्रुटिनिबच्या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी फक्त ३.८ टक्क्यांना. नागिणीची लस मात्र उपचार न घेतलेल्या ५९.१ टक्क्यांना आणि औषध चालू असलेल्या ४१.५ टक्क्यांना लागू पडली. नागिणीचा विषाणू म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. शरीराची त्याच्याशी जुनी ओळख असते, आणि जुनी ओळख जागी करणं नवी करण्यापेक्षा सोपं जातं.

हे आकडे मी मुद्दाम दिले. रॅनिटिडिनच्या दोन लहान अभ्यासांत एकाचं हो, एकाचं नाही. उपचारांआधी लस घेण्याचा फायदा मात्र इतका ढळढळीत. तुमच्या हातात जी शक्ती आहे, वेळ आहे, पैसा आहे, तो या दुसऱ्या गोष्टीवर खर्च करा.

तर बाबांना काय काय द्यायचं? फ्लूची लस दरवर्षी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि थंडीत पुन्हा डोकं वर काढतो. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तोही ऑगस्टच्या सुरुवातीला, हे अनेकांना आठवत असेल. लशीचा परिणाम यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत घेतलेली बरी. यंदा उशीर झाला असेल तर पुढच्या वर्षाची वाट पाहू नका, आत्ता घ्या. इंजेक्शनचीच घ्या. नाकात फवारायची फ्लूची लस जिवंत विषाणूची असते, ती बाबांना चालणार नाही.

न्यूमोनियाची लस दोन प्रकारची असते. सीएलएलमध्ये आधी कॉन्जुगेट, म्हणजे प्रथिन जोडलेल्या प्रकारची देतात, कारण ती टी-पेशींचीही मदत घेते. बाबांना १३ प्रकारच्या जंतूंची कॉन्जुगेट लस मिळाली तर किमान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांची दुसरी घ्यावी लागते. २० प्रकारांची कॉन्जुगेट मिळाली तर सहसा दुसरीची गरज उरत नाही. कोणती मिळाली त्याचा स्टिकर फाइलीत चिकटवून घ्या. दोन वर्षांनी ‘न्यूमोनियाची घेतली होती’ एवढंच सांगितलं तर पुढच्या डॉक्टरला काही बोध होत नाही.

नागिणीच्या लशीचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, म्हणून मी तो करते. सीएलएलच्या रुग्णांमध्ये नागीण जास्त प्रमाणात होते आणि जास्त त्रास देते. फोड बरे झाले तरी तिथली आग महिनोन्महिने राहते. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, ही भीती आपल्याकडे अजूनही आहे. ती खरी नाही. पण त्या भीतीपायी लोक डॉक्टरांकडे जाण्याऐवजी मंत्र आणि लेप शोधतात, आणि विषाणूविरोधी गोळ्या लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या तीन दिवसांत, सुरू करायला हव्या असतात ते राहून जातं. शिंग्रिक्स ही लस २०२३ पासून भारतात मिळते. ती जिवंत विषाणूची नाही, त्यामुळे बाबांना चालते. दोन डोस घ्यावे लागतात. एरवी त्यांत दोन ते सहा महिन्यांचं अंतर असतं, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना दुसरा डोस एक-दोन महिन्यांनीही देता येतो. ती महाग आहे, हे मला माहीत आहे. घरखर्चातून एकाच वेळी सगळं जमत नसेल तर फ्लू आणि न्यूमोनिया आधी, नागीण नंतर, असा क्रम मी लावीन. रक्तविकारतज्ज्ञांनी वेगळा क्रम सांगितला तर त्यांचं ऐका, त्यांच्यासमोर बाबांचे सगळे रिपोर्ट आहेत.

उपचार सुरू करायची वेळ आली तर सुरुवातीच्या किमान दोन आठवडे आधी, आणि जमलं तर महिनाभर आधी, राहिलेल्या लशी पूर्ण करून घ्या. रिटुक्सिमॅबसारखं इंजेक्शन झाल्यावर निदान सहा महिने लशीचा फारसा उपयोग होत नाही. आणि सगळ्या लशी घेऊनही बाबांना वारंवार छातीचे संसर्ग होऊ लागले तर रक्तातलं आयजीजी, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनांचा मुख्य प्रकार, तपासायला सांगा. ते फार खाली गेलं असेल तर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देण्याचा मार्ग असतो. लशीनंतरही ताप १००.४च्या वर गेला तर ‘लस घेतली आहे, होईल कमी’ म्हणून घरी काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

एक गोष्ट पत्रात लिहिलेली नाही, पण मला ती ओळींमधून दिसली. वडिलांना रक्ताचा कर्करोग झालाय आणि डॉक्टर म्हणतात औषध नको. घरच्यांना हे सहन होत नाही. काहीतरी करायला हवं, असं सतत वाटत राहतं, आणि अशा वेळी अमेरिकेतून आलेली एक साध्या गोळीची बातमी हाताला आधार देते. त्यात तुमचं काही चुकलं नाही, बहिणीचंही नाही. पण हेही ऐका: लक्षणं नसलेल्या सुरुवातीच्या सीएलएलमध्ये लवकर औषध सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, हे मोठ्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. जुन्या गोळ्यांच्या बाबतीत दिसलं, इब्रुटिनिबसारख्या नव्या औषधाच्या बाबतीतही दिसलं. डॉक्टर बाबांकडे दुर्लक्ष करत नाहीयेत. या थांबण्याच्या काळात करण्यासारखं सर्वांत उपयोगी काम म्हणजे लशी पूर्ण करणं, आणि ते तुम्ही करू शकता. घरातल्या बाकी सगळ्यांनीही फ्लूची लस घ्यावी. बाबांच्या शरीरात लशीची ताकद कमी पडली तरी घरात फ्लू शिरला नाही तर तो त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. बाबांनी स्वतः मात्र कांजिण्यांची, गोवर-गालगुंड-रुबेलाची किंवा पीतज्वराची लस घ्यायची नाही. या जिवंत विषाणूंच्या असतात.

राहिला नातवाचा पोलिओ डोस. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला फार बरं वाटलं. ज्याने सांगितलं त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तोंडात टाकायच्या थेंबांमध्ये कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो आणि डोसनंतर काही आठवडे तो बाळाच्या शीतून बाहेर पडतो. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या माणसाला त्यापासून संसर्ग होण्याची शक्यता असते. ती अत्यंत दुर्मीळ आहे, पण शून्य नाही. म्हणून बाळाचं लसीकरण सोडून द्यायचं, असा याचा अर्थ कधीही काढू नका. लस न मिळालेलं बाळ बाबांसाठी आणि स्वतःसाठी जास्त मोठा धोका आहे. पुढचा डोस देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना घरात सीएलएलचा रुग्ण असल्याचं सांगा. पोलिओची इंजेक्शनची लसही असते, तिच्यात जिवंत विषाणू नसतो, आणि तुमच्या बाळाचं वेळापत्रक तिच्यावर बसवता येईल का ते डॉक्टर पाहतील. पल्स पोलिओच्या रविवारी थेंब देऊन झाले असतील तर निदान चार ते सहा आठवडे बाबांनी बाळाची शी काढू नये, लंगोट-डायपर बदलू नयेत. ते करणाऱ्याने साबणाने हात धुवावेत, बाळाला भरवलेल्या चमच्याने किंवा वाटीतून बाबांनी खाऊ नये. मांडीवर घेणं, खेळवणं, फिरवायला नेणं यांना काहीही हरकत नाही.